सकाळी चालू न होणारी गाडी आणि फेरीबोटीवरचा ‘टक’ आवाज

वाचकांचे प्रश्न : जुनी वाहने

या वेळच्या टपालात जुन्या डिझेल मोटारी अधूनमधून चालू न होण्याबद्दलची तीन पत्रे होती आणि तिन्ही कोकणपट्टीतल्या गाड्यांची होती. पहिल्या पत्राला मी अधिक जागा दिली आहे, कारण पत्रलेखकाने घडलेल्या गोष्टी इतक्या नेमक्या लिहिल्या आहेत की निदानाचा निम्मा भाग त्यांच्याच वाक्यांत आहे.

प्रश्न : माझ्याकडे २००३ सालची डिझेल मोटार आहे. तिचा पंप जुन्या पद्धतीचा, यांत्रिक आहे. घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून जवळच, डोंगराच्या उतरणीवर आहे आणि गाडी पत्र्याच्या शेडखाली चढाकडे तोंड करून उभी असते. जुलैमध्ये सर्व्हिसिंग झाले, तेव्हा डिझेल फिल्टर बदलला. ऑगस्टपासून गाडी अधूनमधून चालू होत नाही. काही दिवशी पहिल्याच सेल्फला चालू होते, तर काही दिवशी सकाळी दहा-बारा वेळा सेल्फ मारावा लागतो. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन दाद देत नाही, मागे धूरही दिसत नाही. शेवटी थोडा पांढरा धूर सोडून ती थरथरत चालू होते आणि मिनिटभरात सुरळीत होते. याशिवाय दाभोळच्या फेरीबोटीवर दोन वेळा अडचण झाली. धोपाव्याला गाडी बोटीत चढवून इंजिन बंद केले आणि पलीकडे पोहोचल्यावर चावी फिरवली, तर फक्त ‘टक’ असा एक आवाज आला. लोकांनी ढकलून गाडी बाहेर काढली, तेव्हा दुसऱ्या गिअरमध्ये ती लगेच चालू झाली. आतापर्यंत नवी बॅटरी घातली, चारही हीटर प्लग बदलले आणि सेल्फचे ब्रश बदलून घेतले. आता पंप गेला आहे, तो कोल्हापूरला पाठवून दुरुस्त करून आणावा लागेल, असे गॅरेजमध्ये सांगितले आहे. खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा आहे. गाडी वडिलांनी घेतलेली असल्यामुळे ती विकण्याची इच्छा नाही. पंप पाठवावा का?
— एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : पंप सध्या पाठवू नका. तो बिघडलेलाच नाही असे मी इथे बसून म्हणू शकत नाही, पण आपल्या पत्रातील एकही गोष्ट अजून पंपाकडे बोट दाखवत नाही आणि दोन गोष्टी स्पष्टपणे दुसरीकडे दाखवतात.

आपण दोन्ही प्रसंग एकाच बिघाडाचे समजून लिहिले आहेत आणि आपल्या गॅरेजनेही तसेच धरलेले दिसते. माझ्या मते ते दोन वेगळे बिघाड आहेत. सकाळी सेल्फ जोरात फिरतो आणि इंजिन पेट घेत नाही. फेरीबोटीवर सेल्फच फिरत नाही, मात्र ढकलताच इंजिन चालू होते. पहिल्या प्रसंगात वीज पुरेशी आहे आणि डिझेल पोहोचत नाही. दुसऱ्या प्रसंगात डिझेल जागेवर आहे आणि वीज पोहोचत नाही. दोन्हींना ‘गाडी चालू होत नाही’ असे एकच नाव दिल्यामुळे एका प्रसंगाचा उपाय दुसऱ्याला लावला गेला आणि बॅटरी, प्लग, ब्रश असे एकेक सुटे भाग बदलूनही गाडी होती तिथेच राहिली. अधूनमधून येणारा बिघाड भाग बदलून शोधता येत नाही, कारण भाग बदलल्यानंतर चार दिवस गाडी नीट चालू झाली तर ती नव्या भागामुळे झाली की ते चार दिवस तसेही बरे जाणार होते, हे कळायला मार्ग राहत नाही. तो बिघाड घडत असताना, त्याच मिनिटाला पकडावा लागतो. त्यासाठी आधी तयारी करून ठेवावी लागते, आणि ती तयारी पंपाच्या दुरुस्तीपेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

पहिली तयारी म्हणजे गाडीत ठेवायची एक वही. गाडी किती तास उभी होती, कोणत्या दिशेला तोंड करून उभी होती, रात्री पाऊस होता का, टाकीत डिझेल किती होते, सेल्फचा आवाज कसा होता आणि मागे धूर होता का, एवढे प्रत्येक वेळी लिहावे. गाडी चांगली चालू झाली त्या दिवशीची नोंदही तितकीच महत्त्वाची असते आणि नेमकी तीच करायची राहून जाते. दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी समोर असल्या की बिघाड ‘कधीही’ होतो असे वाटत होते ते मागे पडते आणि बहुतेक वेळा एखादी अट दिसू लागते.

आपल्या बाबतीत ती अट कोणती असावी, याचा माझा अंदाज सांगतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा वीसपटीहून अधिक दाबली जाते, त्या दाबाने ती तापते आणि तापलेल्या हवेत नोझलमधून फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. म्हणजे सकाळी गाडी चालू व्हायला तीन गोष्टी लागतात : इंजिन पुरेशा वेगाने फिरणे, हवा पुरेशी तापणे आणि डिझेल पोहोचणे. सेल्फ फिरत असताना मागे कोणाला तरी उभे करून धूर पाहिला, तर यांपैकी शेवटच्या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. पांढरा धूर दिसत असेल तर डिझेल सिलिंडरमध्ये जात आहे, पण पेटत नाही; मग हीटर प्लग (थंड सिलिंडर तापवणारे विजेचे प्लग), कॉम्प्रेशन (हवेवरचा दाब) किंवा पंपाचा टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) यांचा विचार करावा. धूरच नसेल तर डिझेल तिथपर्यंत पोहोचतच नाही. आपण लिहिले आहे की बराच वेळ धूर नसतो आणि चालू होण्याच्या अगदी आधी पांढरा धूर येतो. याचा अर्थ दहा-बारा सेल्फ मारले जात असताना पंप रिकाम्या नळीतून डिझेल ओढून आणत असतो आणि ते आले की इंजिन पेट घेते. चारही हीटर प्लग बदलण्याने यात काही फरक पडणार नव्हता.

नळी रात्रीतून रिकामी का व्हावी? आपल्या गाडीच्या काळातल्या अनेक लहान डिझेल मोटारींत टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ढकलणारा वेगळा पंप नसतो. इंजिनावरचा पंप स्वतःच टाकीतून डिझेल ओढून घेतो. म्हणून त्या संपूर्ण मार्गात चालू अवस्थेत आतल्या बाजूला ओढ असते. अशा मार्गात एखाद्या जोडाला केसाएवढी फट पडली तर तिथून डिझेल गळताना दिसत नाही. उलट बाहेरची हवा आत जाते. इंजिन चालू असताना तेवढी हवा परतीच्या नळीतून निघून जाते आणि काही जाणवत नाही. रात्री मात्र गाडी उभी राहिली की त्याच फटीतून हवा शिरते आणि नळीतले डिझेल हळूहळू टाकीकडे परत उतरते. गाडीचे तोंड चढाकडे असेल तर इंजिन टाकीपेक्षा आणखी वर जाते आणि ते उतरणे सोपे होते. कोकणात सपाट अंगण प्रत्येकाच्या नशिबी नसते, त्यामुळे ही तक्रार मी आपल्याकडच्या गाड्यांत फार वेळा पाहिली आहे. बोटींवर काम करणाऱ्यांना ती चांगली माहीत असते. ते ‘इंजिनाने एअर घेतली’ एवढेच म्हणतात आणि सरळ एअर काढायला घेतात.

याची खात्री करण्यासाठी एक पैसाही लागत नाही. आठ दिवस गाडी उताराकडे तोंड करून उभी करा आणि पुढचे आठ दिवस पूर्वीसारखी चढाकडे. दुसऱ्या आठवड्यात रोज न चुकता असे करा की चावीला हात लावण्याआधी बॉनेट उघडून डिझेल फिल्टरच्या डोक्यावरचा हातपंप तो कडक लागेपर्यंत दाबायचा आणि मगच सेल्फ मारायचा. उताराकडे तोंड असताना गाडी रोज चालू झाली, किंवा हातपंप दाबल्यावर पहिल्याच सेल्फला चालू झाली, तर हवा शिरते आहे हे जवळजवळ सिद्ध झाले. कोणत्या सकाळी हातपंप सैल लागला आणि किती वेळा दाबावा लागला, तेही वहीत लिहा.

मग ती कुठून शिरते हे शोधायचे. फिल्टर आणि पंप यांच्यामधली रबरी नळी काढून तिथे डिझेलला टिकणारी पारदर्शक नळी तात्पुरती बसवावी. सकाळी तीत मोठा रिकामा भाग दिसला किंवा चालू इंजिनात बुडबुड्यांची माळ दिसली, तर दोष फिल्टरमध्ये किंवा त्याच्या मागे टाकीकडे आहे. मी पहिला संशय जुलैमध्ये बदललेल्या फिल्टरवर घेईन, कारण तक्रार त्याच्या पुढच्याच महिन्यात सुरू झाली आहे. फिल्टर बदलताना जुने रबरी कडे खोबणीत तसेच राहणे आणि त्यावर नवे बसणे, कडे पिळवटणे, पाणी काढण्याच्या खालच्या स्क्रूचे सील न बदलणे, हे प्रकार घाईच्या कामात होतात. मी स्वतः तरुणपणी एका गाडीचा पंप दोनदा उतरवून पुन्हा चढवला होता आणि दोष शेवटी फिल्टरच्या डोक्याखालच्या अशाच एका कड्यात सापडला. त्या गाडीच्या मालकाचे दोन महिन्यांचे हाल माझ्या घाईमुळे झाले, हे मला आजही खटकते; म्हणून आपल्याला इतके सविस्तर लिहीत आहे.

फिल्टर निर्दोष निघाला तर त्याच्या मागचा मार्ग पाहावा लागेल. रबरी नळ्या क्लिपच्या खाली भेगाळतात आणि वरून धडधाकट दिसतात. गाडीच्या पोटाखालून जाणारी लोखंडी नळी समुद्राजवळच्या गावांत नेमकी पकडपट्टीच्या आत गंजते, कारण खारट ओल तिथे साचून राहते आणि धुताना पाणी तिथपर्यंत पोहोचत नाही. नळीचा इतका लांब भाग तपासणे कंटाळवाणे असते, म्हणून सोपी युक्ती अशी की पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घेऊन तो इंजिनापेक्षा थोड्या उंचीवर पक्का टांगावा, पंपाकडे जाणारी आणि परतीची अशा दोन्ही नळ्या त्यात सोडाव्यात आणि दोन-तीन सकाळी अंगणातच गाडी चालू करून पाहावी. तरीही गाडी अडून बसली, तर टाकीपासूनचा सारा मार्ग निर्दोष ठरतो आणि मग नोझलांच्या परतीच्या बारीक नळ्या व पंपाची स्वतःची सीले यांकडे वळावे. या चाचणीत कॅनची नळी एक्झॉस्टच्या जवळ येणार नाही याची काळजी घ्यावी आणि अशी गाडी रस्त्यावर नेऊ नये.

डिझेल न पोहोचण्याचे दुसरे एक कारण आहे, ते गाळून चालणार नाही. आपल्या पंपावर एका वायरीचा लहान सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा चुंबकी खटका, असतो. चावी चालू केली की त्याला १२ व्होल्ट मिळतात, तो आतला मार्ग उघडतो आणि चावी बंद केली की डिझेल तोडून इंजिन थांबवतो. त्या वायरीचे टोक सैल असले किंवा चावीचा स्विच झिजून नेमका सेल्फ मारण्याच्या स्थितीत वीज तोडत असला, तर इंजिन नुसते फिरत राहते आणि धूर येत नाही. त्यासाठी सोलेनॉइडवरून एक आणि हीटर प्लगना वीज देणाऱ्या पट्टीवरून एक अशा दोन बारीक वायरी, प्रत्येकीत लहान फ्यूज घालून, आत आणाव्यात आणि डॅशबोर्डवर १२ व्होल्टचे दोन छोटे दिवे महिनाभर लावून ठेवावेत. सकाळी गाडी अडली की कोणता दिवा विझला हे डोळ्यांना दिसते. दोन्ही दिवे लागलेले असताना धूर नसेल, तर वीज निर्दोष आहे आणि हवेचाच शोध घ्यायचा. कोणताही वायरमन हे काम तासाभरात करून देईल.

आता फेरीबोटीवरचा ‘टक’. हा आवाज सेल्फवरच्या सोलेनॉइडचा आहे. तो ओढला गेला, म्हणजे चावीकडून येणारी बारीक वायर आपले काम करते आहे. पण सेल्फला लागणारा मोठा प्रवाह, जो डिझेल इंजिनाला दोनशे अँपिअरच्याही पुढे जाऊ शकतो, तो मिळालेला नाही. इथे एकच गोष्ट पाहायची असते आणि ती आपल्या पत्रात नाही : चावी फिरवली तेव्हा गाडीच्या आतला दिवा मंदावला की तसाच प्रखर राहिला? दिवा जवळजवळ विझत असेल तर बॅटरी, तिची टोके किंवा जाड केबल यांत दोष आहे. दिवा प्रखरच राहिला तर बॅटरी ठीक असून प्रवाह पुढे कुठेतरी अडतो आहे, आणि तो अडण्याच्या मुख्य जागा दोन : सोलेनॉइडच्या आतले झिजलेले तांब्याचे संपर्क आणि इंजिनाचे अर्थिंग. आपण सेल्फचे ब्रश बदलले असे लिहिले आहे. सोलेनॉइडचे संपर्क त्याच वेळी पाहिले होते का, हे विचारून घ्या. पुष्कळदा ते पाहिले जात नाहीत.

मला अर्थिंगचा संशय अधिक आहे आणि त्याचे कारण आपला पत्ता आहे. पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, हे आपल्या घरांत लहान मुलालाही ठाऊक असते. खाऱ्या, दमट हवेत तांब्याच्या केबलचेही असेच होते. फरक इतकाच की केबल रबराच्या आत कळकते आणि वरून काळी कुळकुळीत, नव्यासारखी दिसते. इंजिन रबरी आधारांवर बसवलेले असल्यामुळे त्याला बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडणारी एक जाड केबल किंवा विणलेली पट्टी असते. तिचा बोल्ट गंजला किंवा तिच्या तारा हिरव्या पडून तुटत गेल्या, तरी दिवे, हॉर्न, वायपर सर्व चालतात, कारण त्यांना प्रवाह थोडा लागतो. सेल्फला मात्र तो पुरत नाही. खराब रस्त्यावरून हादरे खात आल्यावर आणि इंजिनाची उष्णता लागल्यावर असा जोड आणखी बिघडतो, म्हणून घरून निघताना ठीक असलेला सेल्फ जेटीवर हात टेकतो.

हे मोजता येते. सोलेनॉइडची वायर पंपावरून काढून ठेवा, म्हणजे इंजिन फिरेल पण चालू होणार नाही. गिअर न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला असावा. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटावर, क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरे इंजिनाच्या स्वच्छ धातूवर धरून मदतनिसाला काही सेकंद सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.५ व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंगमध्ये अडथळा आहे. मग बॅटरीच्या धन खुंटापासून सेल्फच्या जाड टोकापर्यंत असेच मोजा. तिथेही मर्यादा तेवढीच. बॅटरीच्या दोन खुंटांमधला व्होल्टेज सेल्फ फिरताना साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये आणि रात्रभर उभ्या गाडीत तो १२.६ च्या आसपास असावा. १२.२ दिसला तर नवी बॅटरीसुद्धा अर्धीच भरलेली आहे असे समजावे आणि चालू इंजिनात १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळतात का, हे पाहून अल्टरनेटरची, म्हणजे बॅटरी भरणाऱ्या जनित्राची, खात्री करावी.

घरी मोजताना सर्व आकडे चांगले आले आणि बोटीवर पुन्हा ‘टक’ झाले, तर निराश होऊ नका. डिकीत एक चांगली जंपर केबल ठेवा. ‘टक’ झाल्यावर त्याच जागी तिचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटाला आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला लावून चावी फिरवा. सेल्फ फिरला तर अर्थिंगचा दोष सिद्ध झाला. मग केबलचे दोन्ही जोड काढून धातू चकाकेपर्यंत घासा. तारा हिरव्या किंवा काळ्या पडल्या असतील तर केबलच बदला. जोड घट्ट आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन किंवा ग्रीसचा थर द्या.

यातले काहीही करताना सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि दोन प्रयत्नांत अर्धा मिनिट तरी सोडावे, नाहीतर धड असलेला सेल्फही जळतो. हवेच्या मार्गात ईथरचा फवारा मारून गाडी चालू करून देणारे लोक भेटतात. हीटर प्लग असलेल्या इंजिनात तापलेल्या प्लगवर ईथर भलत्या क्षणी पेटते आणि पिस्टनला किंवा जवळ उभ्या माणसाला इजा होऊ शकते. कोणी कितीही आग्रह केला तरी ते करू देऊ नका.

प्रश्न : आमची २०१० सालची कॉमन रेल डिझेल गाडी सकाळी उत्तम चालू होते. मात्र मालवणहून फोंडा घाट चढून वर चहासाठी थांबलो आणि इंजिन बंद केले, की पुन्हा चालू होत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप चालू होते. मेकॅनिक म्हणतात की नोझलचे नट सैल करून डिझेल येते का ते पाहू. तसे करावे का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : तसे अजिबात करू देऊ नका. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीवर नट सैल करून पाहण्याची रीत आहे, पण कॉमन रेलमधला, म्हणजे सर्व नोझलांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतला, दाब चालू अवस्थेत हजार बारच्याही वर जातो (एक बार म्हणजे साधारण वातावरणाएवढा दाब). त्या दाबाची डिझेलची बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते. जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. सेल्फ मारतानाचा दाब त्याहून कमी असला, तरी इंजिन अचानक चालू होणार नाही याची हमी कोणी देऊ शकत नाही.

गरम असताना न चालू होणे आणि थंड झाल्यावर चालू होणे, याची अशा गाडीत दोन कारणे आधी तपासावीत. एक म्हणजे क्रँकशाफ्टचा सेन्सर. तो तापल्यावर संदेश देणे थांबवतो आणि इंजिन फिरते आहे हे संगणकाला कळतच नाही. दुसरे म्हणजे झिजलेले इंजेक्टर, म्हणजे डिझेल फवारणारे नोझल. गरम डिझेल पातळ होते, परतीच्या वाटेने जास्त निसटते आणि रेलमध्ये चालू होण्याइतका, म्हणजे साधारण २०० ते २५० बार, दाब तयार होत नाही. दोन्हींचा उलगडा स्कॅनरवर होतो, मात्र साठवलेले कोड वाचून नव्हे. गाडी अडलेली असतानाच स्कॅनर जोडून सेल्फ मारावा आणि इंजिनाची गती व रेलचा दाब हे दोन आकडे पाहावेत. सेल्फ फिरत असताना गती शून्य दिसली तर सेन्सर किंवा त्याची वायर. गती दिसते पण दाब चढत नाही, तर इंजेक्टरांच्या परतीचे डिझेल चार सारख्या बाटल्यांत धरून कोणाची बाटली आधी भरते ते पाहावे. थंड गाडी गॅरेजमध्ये नेऊन काही सापडणार नाही. घाटाऐवजी गावाजवळच्या एखाद्या चढावर गाडी तापवून ती थेट गॅरेजच्या दारात बंद करा आणि मेकॅनिकला स्कॅनर हातात घेऊन तयार राहायला आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : मी मुंबईत असतो आणि जुनी डिझेल गाडी राजापूरजवळच्या गावी घरी ठेवलेली असते. गणपती, शिमगा आणि मे महिना एवढाच तिचा वापर. प्रत्येक वेळी ती चालू करण्यात पहिला दिवस जातो. शेजारी दर रविवारी पाच मिनिटे इंजिन चालू करून ठेवतात, तरी उपयोग होत नाही. काय करावे?
— एक चाकरमानी

उत्तर : शेजाऱ्यांचे आभार माना आणि त्यांना तसे न करण्याची विनंती करा. हीटर आणि सेल्फ यांनी घेतलेली वीज पाच मिनिटांत बॅटरीत परत भरली जात नाही, त्यामुळे दर रविवारी बॅटरी थोडी अधिक रिकामी होते. शिवाय इंजिन पुरते तापत नसल्यामुळे एक्झॉस्टमध्ये पाणी साचते. त्यांना वाहन चालवता येत असेल आणि कागदपत्रे वैध असतील, तर पंधरा दिवसांतून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणायला सांगा. ते जमत नसेल तर निघताना बॅटरीची ऋण केबल काढून ठेवा.

टाकी मात्र रिकामी ठेवून जाऊ नका. अर्ध्या रिकाम्या टाकीत पावसाळ्याची दमट हवा भरते, रात्री गारव्याने तिच्यातले पाणी टाकीच्या भिंतीवर जमते आणि डिझेलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसते. मे महिन्यात परत जाताना टाकी काठोकाठ भरा. गणपतीला आल्यावर चावी लावण्याआधी फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पहिले अर्धा पेला डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि दहा मिनिटे स्थिर ठेवा. तळाशी पाण्याचा थर दिसला तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत ते काढत राहा. पाणी आणि डिझेल यांच्या मध्ये तपकिरी, बुळबुळीत साय दिसली तर टाकीत जंतूंची वाढ झाली आहे. मग टाकी उतरवून धुवावी लागेल आणि फिल्टर बदलावा लागेल, नाहीतर ती साय पंपापर्यंत पोहोचेल.

बॉनेट उघडले की उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आणि रबरी नळ्याही तेव्हाच पाहून घ्या, विशेषतः हवेच्या फिल्टरच्या डब्यात. तिथे सुकलेल्या पेंढ्याचे घरटे असेल तर ते काढल्याशिवाय सेल्फ मारू नका.